द्वारकाबाईंच्या अंगणातलं केंद्र

मंगळवारी सकाळी तालुक्याचं उद्योग मार्गदर्शन केंद्र चालत आमच्या पिंपळवाड्यात आलं आणि द्वारकाबाईंच्या अंगणात उभं राहिलं. सोबत आतली कपाटं, देवरे साहेब आणि कारकून बोरसे.

चूक कुणाचीच नव्हती. महिला उद्योजकांनी केंद्राच्या सेवांचा लाभ घ्यावा, अशी चार पत्रं केंद्राने द्वारकाबाईंना पाठवली होती. चौथ्याला त्यांनी उत्तर लिहिलं. ज्वारी तीन दिवस भिजते, मग दळायची, शिजवायची, घाटा ढवळताना हात थांबवता येत नाही. त्यानंतरची एसटी तालुक्याला सव्वाला पोचते, तुमची खिडकी एकला बंद. तेव्हा तुम्हीच या, अंगण मोठं आहे. हे आपलं रीत म्हणून लिहिलं होतं. पण सरकारी कार्यालयाला लेखी कळवलं की ते खरं धरतं.

द्वारकाबाईंची घाई मला ठाऊक होती, मी त्यांची शेजारीण. नऊ वर्षं ज्वारीच्या पापडासारख्या पातळ बिबड्या थापायच्या त्यांनी, आणि पाकिटावर नाव व्यापाऱ्याच्या मुलीचं. शनिवारी जिल्ह्याला प्रदर्शन होतं. केंद्राचं प्रमाणपत्र असेल तरच तिथे स्वतःच्या नावाने मांडता येणार होतं.

"भाऊ, ऊन अडवू राहिले तुम्ही," द्वारकाबाई खिडकीत म्हणाल्या. "माझ्या बिबड्या वाळतील कशा?"

बोरशांनी नियमांचं पुस्तक पाहिलं. कामकाजाच्या वेळेत कार्यालय हलवता येत नव्हतं. केंद्राच्या गच्चीबद्दल मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं. आम्ही शिडी लावली आणि बिबड्यांची ओली फडकी गच्चीवर पसरली.

अर्जदाराने खिडकीसमोर समक्ष हजर राहावं, असा नियम होता. द्वारकाबाई तर चुलीपुढे. मग खिडकीच थोडी चुलीकडे सरकली.

"रकाना चार. उद्योगाचं नाव?" बोरशांनी विचारलं.

द्वारकाबाईंचा ढवळणारा हात थांबला. घाटा खाली लागेल म्हणून मी चटकन उलथणं हातात घेतलं.

"नाव कुणी विचारलंच नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "लिहा, द्वारकाबाईच्या बिबड्या."

बोरशांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग म्हणाले, "मावशी, तुमच्या पुढे दोनशे बारा अर्ज आहेत. क्रमाने जावं लागतं. दिवाळीपर्यंत होईल."

द्वारकाबाईंनी माझ्या हातून उलथणं परत घेतलं. पदराने डोळे पुसले आणि धुराला नाव ठेवलं. मला फार वाईट वाटलं. बोरशांनाही वाटलं असावं, कारण ते बाहेर येऊन आम्हा थापणाऱ्या बायकांत बसले आणि न विचारताच थापायला लागले. दोन बिबड्या केल्या. एक भाकरीएवढी जाड, दुसरी फाटकी.

तिथेच ते अडकले. आमच्या गावात सावड चालते. एकाने दुसऱ्याच्या कामाला हात लावला की दुसऱ्याने त्याच्या कामाला जायचंच, नाही गेलं तर सात पिढ्या बोलणी खातात.

बुधवारी सकाळी आम्ही अकराजणी आपापली बसकरं घेऊन केंद्रात शिरलो.

"हे नियमात नाही," बोरसे उठून उभे राहिले.

"आमच्या नियमात आहे, भाऊ," द्वारकाबाई म्हणाल्या. "हात लावला की नाही तुम्ही?"

देवरे साहेबांनी आतून विचारलं, "किती बिबड्या?"

"दोन, साहेब."

"मग घ्या त्यांना आत."

आम्ही फायली निवडल्या, कागद लावले, एकीने वाचायचं, दुसरीने लिहायचं. डाळ निवडण्यापेक्षा सोपं काम. जवळजवळ सगळे अर्ज बायकांचेच. लोणचंवाली, गोधडीवाली, कासारीण. कुणी दोन वर्षांची थांबलेली, कुणी पाच. एकेक नाव मोठ्याने वाचलं की साहेब सही करायचे. शुक्रवारी दुपारी दोनशे तेरावं नाव आलं. ते बोरशांनी स्वतः उभं राहून वाचलं.

द्वारकाबाईंनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले, मगच प्रमाणपत्र घेतलं. शनिवारी पहिल्या एसटीने त्या प्रदर्शनाला गेल्या. बोरशांची जाड बिबडी त्यांनी विकली नाही, घरीच ठेवली आहे.

केंद्र अजून तालुक्याला परतलेलं नाही. वरून दोनदा विचारणा झाली. अकराजणींची सावड फेडायची बाकी आहे, असं साहेबांनी लेखी कळवलं. त्यावर पुन्हा पत्र आलं नाही. सध्या ते लीलाबाईंच्या अंगणात आहे. गच्चीवर ओलं असलं की फार सावकाश चालतं.

गुरुवारी माझ्याकडे येईल. सांडग्यांची डाळ बुधवारी भिजत घालीन. तुळशीजवळची बाज आजच बाजूला केली. लग्न झाल्यावर गावाने मला सून म्हटलं, मग पंकजची आई. रकाना चारसाठी काल अंगणात कुणी नाही बघून एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं: यमुनाचे सांडगे. पंकज आतून म्हणाला, कोण आलंय गं?

मी म्हटलं, मीच आहे.