हुकूम नाही, घंटा नाही

बावीस वर्षांत शाळेची घंटा एका मिनिटानेही इकडची तिकडे झाली नव्हती. हेडसर स्वतःचं घड्याळ नानांच्या घंटेवर लावत. नाना हुद्द्याने शाळेचे शिपाई, पण शाळा आपल्या मनगटावर चालते असं त्यांचं पक्कं मत होतं आणि ते कुणी न विचारताही सांगत.

सहामाही परीक्षेच्या सकाळी, अर्धी दाढी झालेली असताना, त्यांच्या कानावर थोरलीचा आवाज पडला. ती यंदा दहावीला. आतल्या खोलीत येरझाऱ्या घालत घोकत होती.

"शिपाई म्हणजे स्वतःचा विचार नसलेला माणूस. हुकूम झाला की उठायचे, हुकूम झाला की थांबायचे, एवढेच त्याला कळते."

नानांचा वस्तरा गालावरच थांबला.

"काय घोकतेस गं?"

"कवितेचं रसग्रहण. आठ मार्कांना येणार आहे. बाईंनी उतरवून दिलंय."

"मराठीच्या बाईंनी?"

"हो. मध्ये बोलू नका ना नाना, मी विसरते." आणि तिची गाडी पुन्हा सुरू झाली, "स्वतःचा विचार नसलेला..."

कविता कुठली, शिपाई कसला, हे विचारावं असं काही नानांना सुचलं नाही. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. गेल्याच आठवड्यात बाईंचा चष्मा बेसिनवरून शोधून आणला, तो कुणाच्या हुकमाने? वर्गात भोवळ आलेल्या मुलीला पाठीवर घेऊन दवाखान्यात पळालो, ते कुणाला विचारून? बाईंचं एक वेळ सोडा. पण पोटच्या पोरीने हे पाठ करावं आणि एकदाही अडखळू नये, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"शिपाई बघायचाय ना? दाखवतो शिपाई," असं पुटपुटत ते शाळेत निघाले. दाढीचा डावा गाल तसाच राहिला.

अकराला पेपर सुरू झाला. थोड्या वेळाने मराठीच्या बाई वर्गाच्या दारात आल्या.

"नाना, पुरवण्या संपत आल्यात."

"हुकूम करा."

"अहो हुकूम कसला, आणा की."

"किती? मला विचार नसतो, बाई."

बाईंनी त्यांच्या अर्ध्या दाढीकडे काळजीने पाहिलं. "बरं वाटत नाहीये का? पन्नास आणा."

नानांनी पन्नास पुरवण्या मोजून आणल्या.

"आणि दोरा?"

"दोऱ्याचा हुकूम नव्हता."

पेपर एकला सुटायचा होता. नाना घंटेखालच्या स्टुलावर, मांडीवर हातोडी घेऊन बसले. एक वाजला. एक वाजून पाच झाले. हुकूम काही येईना. वर्गावर्गांतून सगळे घड्याळं बघत होते, पण नानांची घंटा चुकेल हे कुणाच्या डोक्यातही येईना. चित्रकलेच्या सरांनी तर स्वतःचं घड्याळ मुकाट्याने मागे घेतलं. मुलं खुशीत पुरवण्यांवर पुरवण्या मागत होती.

दीडला पाच कमी असताना हेडसर भुकेने कासावीस होऊन बाहेर आले.

"नाना, माझं घड्याळ पुढे जातंय का हो?"

"घड्याळातलं मला काय कळतं, सर? हुकूम झाला की उठायचं."

मग सगळं बाहेर आलं. बाईंना बोलावणं गेलं. त्यांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, ती युद्धाची कविता आहे. बंदूकवाला शिपाई, रणांगणावरचा."

नानांच्या डोक्यात प्रकाश पडला. पण आता माघार घेणं त्यांच्या जिवावर आलं.

"मग सैनिक म्हणायचं."

"कवीने शिपाई लिहिलंय."

"लिहिलं असेल. पण त्याला विचार नव्हता, हे कवीने लिहिलंय की तुम्ही?"



"नाना," हेडसर कळवळून म्हणाले, "घंटा द्या."

"हा झाला हुकूम," म्हणत नानांनी असा टोला हाणला की हातोडीचा दांडाच हातात राहिला.

आठवड्याने पेपर तपासून आले. थोरलीने आपला पेपर नानांपुढे ठेवला. बाईंनी सांगितलेलं सगळं रसग्रहण त्यात शब्दशः होतं. त्याखाली, पुरवणीवर, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं:

"वेळ उरला म्हणून लिहिते. वरचं मला पटलेलं नाही. शिपायाला विचार नसतो असं लिहिण्याआधी त्याच्या मुलीला विचारायला हवं होतं. माझे वडील शिपाई आहेत. ते कुणाच्या हुकमासाठी अडून बसत नाहीत. त्यांची घंटा बावीस वर्षांत एकदाही चुकलेली नाही."

नानांना पुढचं दिसेना. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा लावला. बाईंनी तो मजकूर खोडला नव्हता, उलट समासात बरोबरची मोठी खूण होती. तरी मार्क आठपैकी सातच.

"एक मार्क कशाचा कापला?" नाना उसळून उठले. "बाईंना जाब विचारतो."

थोरलीने शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. त्याखाली लाल रेघ होती आणि रेघेखाली बाईंचं बारीक अक्षर.

"वस्तुस्थिती तपासून लिहावे."

नाना खाली बसले.