पिराजीबुवांची पक्की खात्री

वीस वर्षं कीर्तनं ऐकून माझा राग समूळ गेलाय, हे आधीच सांगून ठेवतो!

आमची निशिगंधा इंजिनिअरिंगला. तिनं एक प्रोग्राम केलाय. तो चोवीस तास इंटरनेटवरचं मराठी वाचतो आणि त्यातनं माहिती शिकतो. एकच गोष्ट जितक्यांदा वाचेल, तितकी त्याची खात्री वाढते. मी म्हटलं, "पोरी, त्याला माझं फेसबुक वाचायला लाव. पिराजीबुवांची दोनशे कीर्तनं शब्दन् शब्द उतरवलीत मी. पावन होईल की तुझा डबा!"

रविवारी कळंब्यात आमच्या कॉलनीची बैठक होती. सप्ताहाला बुवांना बोलवायचं का, एवढंच ठरायचं होतं. मी ऐटीत तिचा लॅपटॉप सगळ्यांपुढं ठेवून विचारलं, "पिराजीबुवा कोण?"

उत्तर आलं: कीर्तनकार. चोर. लबाड. महापापी. खात्री सत्त्याऐंशी टक्के.

माझं डोकं भाकरीच्या तव्यासारखं तापलं!

अध्यक्ष उदयसिंह गरजले, "व्हय ओ आकाराम, चोराला बोलवायला निघालाय व्हय?"

"आधार काय ह्याला?" मी निशिगंधावर ओरडलो.

"तुमचंच फेसबुक की, पप्पा! बुवा दर कीर्तनात म्हणत्यात, 'देवा, मी चोर, मी लबाड, मी महापापी.' तुम्ही दोनशे वेळा लिवलंय."

"अगं, लीनता हाय ती! ह्या खोक्याला अक्कल हाय का न्हाय?"

मी तिथंच बसून बेचाळीस पोस्ट ठोकल्या: 'मला भयंकर राग आलाय! पिराजीबुवा चोर नाहीत!' चहा झाल्यावर पुन्हा विचारलं.

चोर. खात्री नव्याण्णव टक्के!

"पप्पा, थांबा! त्याला 'नाही' अजून नीट कळत न्हाय. बुवा आन् चोर शेजारी दिसलं की झालं!"

उदयसिंहांनी सरळ बुवांना फोन लावला, स्पीकरवर. सगळं ऐकून बुवा गदगदा हसले.

"चाळीस वर्षं ओरडून सांगतोय, मी पापी हाय. माणसं माना डोलावत्यात आन् घरला जात्यात. पयल्यांदाच कुणीतरी खरं धरलं! येतो मी. त्या यंत्राला पुढं बसवा."

बैठकीनं टाळ्या वाजवल्या. बुवा पक्के झाले! माझा जीव भांड्यात पडला. उत्साहाच्या भरात मी माझंही नाव विचारलं.

आकाराम: रागीट. खात्री शंभर टक्के.

साफ खोटं आहे हे! संपादकसाहेब, कथा फक्त कागदावर छापा. इंटरनेटवर टाकलीत तर याद राखा!!