फाउस्तिनोच्या कानातले खडे

फाउस्तिनोला चक्कर येते असं कुणी म्हटलं असतं, तर गावानं त्याला वेड्यात काढलं असतं. ऐंशी फुटी खांबाच्या शेंड्यावर, भाकरीच्या तव्याएवढ्या लाकडावर उभं राहून तो बेचाळीस वर्षं नाचत आला होता. तेही बासरी वाजवत, मान मागे टाकून, सूर्याकडे तोंड करून. त्याचे चार गडी कमरेला दोर बांधून हवेत झेपावायचे आणि तेरा फेऱ्या घेत खाली उतरायचे. हा त्यांचा म्होरक्या मात्र वर बिनदोराचा.

"चक्कर ही जमिनीवरच्या माणसांची थेरं," असं तो पाहुण्यांना ऐकवायचा.

आणि सान मिगेलच्या जत्रेला नऊ दिवस उरलेले असताना तो सकाळी उजव्या कुशीवर वळला, आणि छप्पर गरगरा फिरायला लागलं. त्यानं दोन्ही हातांनी जमीन धरून ठेवली. अर्ध्या मिनिटानं छप्पर जागेवर आलं.

तो झोपला होता स्वयंपाकघरात, चुलीपाशी. कारण व्रत सुरू झालं होतं. जत्रेआधी नऊ दिवस उडणाऱ्या गड्यांनी दारूला आणि बायकोला शिवायचं नाही. जो शिवेल त्याला खांब वर टिकू देत नाही, त्याचं डोकं फिरवतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे म्होरक्याला चक्कर आली याचा गावात एकच अर्थ होणार होता. व्रत मोडलेल्याला त्या वर्षी खांब बंद. आणि एकसष्टाव्या वर्षी एकदा शेंडा सुटला की परत कोण देतो? फाउस्तिनो भेदरला.

त्यानं आपल्या परीनं विचार केला. चौघे तेरा फेऱ्या घेतात तेव्हा त्यांचे दोर बांधलेला वरचा सांगाडाही फिरतो, आणि आपणही. बेचाळीस वर्षं एकाच बाजूनं! डोक्याला पीळ बसणार नाही तर काय होईल? तो परसात गेला आणि पीळ सोडवण्यासाठी उलट्या दिशेनं फिरायला लागला. नवव्या फेरीला तो टर्कीच्या खुराड्यात जाऊन पडला.

"अहो, काय चाललंय?" एर्मिला, त्याची बायको, लाटणं घेऊनच धावत आली.

"उलगडतोय," तो खुराड्यातून म्हणाला.

तिनं त्याचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि त्याला दवाखान्यात नेलं. तिथे ग्रिसेल्दा नावाची तरुण डॉक्टर वर्षभरासाठी नेमणुकीवर आली होती. तिनं त्याला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झटकन आडवं पाडलं, डोकं टेबलाच्या कडेखाली. जग पुन्हा फिरलं. त्यानं डॉक्टरच्या हाताला अशी मिठी मारली की ती ओरडलीच.

"सोडा काका, पडत नाही तुम्ही. डोळे उघडे ठेवा. बघा मावशी, बुबुळं कशी उड्या मारतायत."

"अगंबाई," एर्मिला म्हणाली.

"कानाच्या आत बारीक खडे असतात, तोल सांभाळायला. वयानं एखादा सुटतो आणि भलत्या नळीत शिरतो. मग मान हलली की तो घरंगळतो आणि डोक्याला वाटतं आपण फिरतोय. गोळ्यांनी तो हलत नाही. मान वळवत वळवत त्याला परत जागेवर न्यायचं."

"किती दिवस?" फाउस्तिनोनं विचारलं.

"दोनतीनदा केलं की बहुधा जातो. मग सलग पाच दिवस चक्कर नसेल तर खांबाचं बोलू."

तिनं त्याची मान डावीकडे नेली, मग त्याला डाव्या कुशीवर वळवून तोंड जमिनीकडे करायला लावलं, मग उठवलं. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट. सगळं एर्मिलाला नीट दाखवलं आणि संध्याकाळी घरी पुन्हा करायला सांगितलं.

हे जमिनीवर होईना. शेवटी तो व्रताच्या नियमाकडे डोळेझाक करून पलंगावर आडवा झाला, आणि एर्मिलानं गुडघे टेकून त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. नेमका तेव्हाच, सराव का बुडवला हे विचारायला, लिबोरिओ खिडकीशी आला. हा त्याच्या चार गड्यांतला थोरला, आणि फाउस्तिनोच्या पोराचा धर्मपिता; त्या नात्यानं दोघं एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत.

"आता डाव्या कुशीवर वळा," एर्मिला म्हणत होती. "घाई नको. अर्धा मिनिट दम धरा."

फाउस्तिनो कण्हला. लिबोरिओनं टोपी डोक्यावर दाबली आणि तो पाय न वाजवता निघून गेला.

सकाळपर्यंत बातमी गावभर झाली, आणि दळणाच्या गिरणीवर बायका एर्मिलाला रांगेतून पुढे वाट करून द्यायला लागल्या. एकीनं तिला विचारलं, नवऱ्याच्या जेवणात काय काय घालतेस? ती घरी परतते तो लिबोरिओ तीन गडी घेऊन दारात उभा. त्याला फार वाईट वाटत होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"कोंपाद्रे, माणूस आहेस, घसरलास. पण या वर्षी वर मी जातो."

"अरे, माझ्या कानात खडा आहे!"

"कानात," लिबोरिओ म्हणाला आणि इतरांकडे बघितलं.

फाउस्तिनोला रडू फुटायचंच बाकी राहिलं. बेचाळीस वर्षं इमानानं चुलीपाशी झोपला होता बिचारा. एर्मिलानं नवऱ्याचा दंड धरला, गड्यांना मागून यायला सांगितलं आणि थेट दवाखाना गाठला. ग्रिसेल्दानं सगळं ऐकून घेतलं, हसू आवरलं, आणि त्यांच्यादेखत फाउस्तिनोला आडवं पाडलं. चौघं डोक्याला डोकं लावून वाकले. बुबुळं थरथरत एकाच बाजूला उड्या मारत होती. असं कुणाला मुद्दाम करता येणार नव्हतं. लिबोरिओनं स्वतः करून पाहिलं.

"आणि काल संध्याकाळी?" त्यानं हळूच विचारलं.

"तोच उपचार होता, मीच सांगितलेला," डॉक्टर म्हणाली. "हे बघा." आणि तिनं मान पुन्हा फिरवली. लिबोरिओनं कोंपाद्रेचे पाय धरून ठेवले आणि सगळा वेळ माफी मागत राहिला.

त्यानंतर चक्कर आली नाही. पाच दिवसांनी, तपासूनसवरून, कमरेला दोर बांधायच्या अटीवर परवानगी मिळाली. फाउस्तिनो दोरावरून दोन दिवस कुरकुरला आणि जत्रेला बांधून वर चढला. मान मागे टाकली तेव्हा खाली एर्मिलानं डोळे मिटून घेतले. बासरी एकदाही थांबली नाही.

उतरल्यावर तो ताठ मानेनं तिच्याजवळ आला. "बघितलंस? आता अख्ख्या गावाला कळलं, मी व्रत मोडलंच नव्हतं."

"कळलं ना," एर्मिला म्हणाली. "काल गिरणीवर परत रांगेत उभं केलं मला."