सरांनी कॉम्प्युटर पळवला

"अगं, संध्याकाळच्या आत हा कॉम्प्युटर हरणासारखा पळायला लागला नाही, तर नाव बदलीन!" सरांनी बाह्या सरसावत जाहीर केलं.

सर म्हणजे निवृत्त भूगोलशिक्षक. घरातही त्यांना सगळे सरच म्हणत, अगदी त्यांची बायको, म्हणजे काकूसुद्धा. काकू अनुवाद करायच्या. वॉशिंग मशीनचं एक माहितीपत्रक त्यांना त्याच संध्याकाळी पाठवायचं होतं, आणि कॉम्प्युटर तर एकेक पान उघडताना डोंगर चढल्यासारखा धापा टाकत होता!

"सर, आजच कशाला? काम लटकलं तर कंपनीवाले पुन्हा दारात उभं करणार नाहीत."

"तुझी फाइल पेनड्राइव्हवर घेतलीय. तू निवांत बस!"

कॉम्प्युटर सुरू होताच आपसूक जागे होणारे प्रोग्रॅम बघून सरांचा पारा चढला. परक्या शाळेची पोरंच जणू वर्गात घुसलेली!

"तू कोण रे? ओळख ना पाळख! बाहेर! आणि तू? तूही बाहेर!"

वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी वायर काढून डबा उघडला. आतल्या पंख्यावर धुळीची गोधडी! सरांनी व्हॅक्यूम क्लीनर आणला, पण नळी लावली ती नेमकी हवा फुंकणाऱ्या तोंडाला. बटण दाबलं मात्र, करड्या धुळीचा लोट उठला आणि खिडकीतून बाहेर पडला.

शेजारचे पोस्टमास्तर भरलेली बादली घेऊन धावतच आत आले. "आग! बाजूला व्हा!"

"अहो, धूळ आहे, धूळ!"

पण तोवर बादली उपडी झाली होती! सरांनी कॉम्प्युटरला लेकरासारखं पोटाशी धरलं आणि पाठ पुढे केली. अख्खी बादली पाठीवर!

"विझली," पोस्टमास्तर समाधानाने म्हणाले.

ओले कपडे बदलून, कॉम्प्युटर जोडून सरांनी बटण दाबलं. दाबायचा अवकाश, पडदा उजळला! काकूंनी टाळ्या पिटल्या, खुर्ची ओढली आणि 'कपडे भरा' असं टाइप केलं. पडद्यावर मात्र इंग्रजी अक्षरांचा नुसता गुंता!

"सर, माझी मराठी कुठे गेली?"

"बहुतेक... मीच बाहेर काढली."

टायपिंगच्या प्रोग्रॅमची मनधरणी करून त्याला सन्मानाने परत आणलं, तेव्हा कुठे माहितीपत्रक वेळेत रवाना झालं. सरांची कॉलर झोपेपर्यंत ताठ!

दुसऱ्या दिवशी सकाळी सर चहाचे दोन कप घेऊन आले, तर काकू कधीच कामात बुडालेल्या. एरवी कॉम्प्युटर जागा होईपर्यंत गॅलरीत दोघांच्या मनसोक्त गप्पा व्हायच्या. आज सर एकटेच चहा फुंकत बसले.

जरा वेळाने काकू बाहेर आल्या, त्यांच्या शेजारी टेकल्या.

"सर, त्याला थोडं हळू करता येईल का हो? निदान एका चहापुरतं?"

सरांनी चष्मा पुसला आणि छाती फुगवली.

"बिघडवायचंय ना? मग काळजीच सोड!"