हाकुरोंनी अक्षर टाकिले, त्याची हकीकत

श्रीशारदा समर्थ. नमन दौतीस, नमन कुंचल्यास, आणि एकदा ओढिल्यावर पुन्हा गिरवता येत नाही त्या रेघेस साष्टांग नमन. शके अठराशे सदुसष्ट, पार्थिव नाम संवत्सरे, श्रावणमासी पूर्वेकडील बेटांचे राज्य लढाईत बुडाले, आणि शहरे जळाली, आणि विजयाचे फलक वेशीवेशीवर टांगिले होते ते तसेच लोंबत राहिले. ते फलक सुलेखनाचे आचार्य तोकुसाइ गुरुजी यांचे शाळेतून लिहोन गेले होते. मग पट्टशिष्य हाकुरो भर सभेत उठोन बोलिले, "अक्षरे खोटी बोलिली. आता अक्षर टाकावे, नुसती रेघ राखावी." गुरुजी कष्टी होऊन बोलिले, "बाबा, खोटे माणूस बोलले. अक्षराचा काय अपराध?" हाकुरो तरुण, माथे तापलेले. "तुमच्या सुंदर अक्षरांस भुलोन पोरे मरणास गेली," ऐसे सर्वांदेखत बोलोन निघोन गेले.

मग हाकुरोंनी भुईवर कागद अंथरोन झाडूएवढ्या कुंचल्याने रेघा ओढिल्या, आणि समुद्रापारचे टोपीकर चितारी, ज्यांनी आपल्या चित्रांतून माणूस, झाड, घर सगळेच हाकलून दिले होते, ते पाहोन बहुत खूश जाहले आणि बोलिले, "हा तर आमचाच भाऊ!" मग मोठमोठ्या दिवाणखान्यांत कागद लागले, त्यांत एक तर उलटा लागला, तरी वाहवा तीच. आवडतीचा शेंबूडही गोड, त्यांतला प्रकार. हाकुरो घटकाभर खिन्न जाहले, मग तेही हसले. आम्हांस पुसाल तर तेथे हसावयाचे नव्हते.

वर्षे लोटली. हाकुरोंस आपले बोलणे सलत होते, परंतु अभिमान आड आला. मग गुरुजी अंथरुणास खिळले, कान पार गेले, सांगणे ते लिहोन दाखवावे ऐसे जाहले, आणि खबर लागताच हाकुरो धावत आले. गुरुकन्या किकुए हिने कागद मांडिला आणि बोलिली, "दादा, तुम्हीच लिहा. बाबा तुमचीच वाट पाहात होते." हाकुरोंस 'क्षमा' इतकेच लिहिणे होते. कुंचला उचलिला, डोळे भरोन आले, आणि हात आपले सवयीने धावला, आणि कागदभर काळा झपाटा उठला. गुरुजींनी तो बहुत वेळ पाहिला, आणि बोलिले, "रेघ उत्तम. जिवंत आहे. पण बाबा, म्हणतोस काय?" हाकुरो ओरडोन बोलिले, "क्षमा, गुरुजी, क्षमा!" बहिऱ्या कानी काय जाणार? किकुए दुसरा कागद आणीतोवर गुरुजींनी डोळे मिटिले.

तात्पर्य, रेघेची कीर्ति झाली ती खोटी नव्हे, पाहोन आम्हीही डोलिलो. परंतु एका म्हाताऱ्यास एक शब्द सांगावयाचा होता, तो राहिला. फार वाईट जाहले. येथे लेखनाची सीमा.