हौसेरावांची जपानी बाई

लिफ्टचं दार बंद होता होता दुर्गाबाई आत कुणाला तरी सांगत होत्या, “पाचव्या मजल्यावरच्या हौसेरावांकडे रोज पाच वाजता एक बाई येते, आणि ती म्हणे जपानी...” लिफ्ट वर गेली. उरलेलं वाक्यही तिच्याबरोबर गेलं.

आता अर्ध्या वाक्यावर माणसाने राहायचं कसं? (मी चौकस नाही. अर्धवट गोष्टीने मला ॲसिडिटी होते, इतकंच.) हौसेराव म्हणजे वाशी मार्केटात जन्मभर कांद्याच्या गोणी उचललेला साताऱ्याचा माणूस. त्यांच्या वेणूबाईंना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी ठरवलं, विरजण मागायला जायचं. घरात दही होतं, पण ते कुणाला दिसतंय.

पाचला गेले. आत खरंच एक बाई जपानीत बोलत होती, आणि हौसेराव तिच्या मागोमाग तेच म्हणत होते. मी दाराला कान लावला. दार नुसतं लोटलेलं होतं. मी वाटीसकट आत.

“या मालतीवैनी,” हौसेराव म्हणाले, जणू लोक असेच येतात.

बाई टीव्हीत होती. जुनं जपानी कार्टून. त्यांचा मुलगा रणजीत लहानपणी हिंदीतून बघायचा तेच. त्यात एक मुलगी दर भागात कुठेतरी भरकटते, आणि शेवटी आई दारात उभी राहून तिला हाक मारते. वेणूबाई भाकरी थापता थापता बघायच्या, आणि शेवट पाठ असूनही पदर डोळ्याला लावायच्या.

“तेच तेच काय बघता?” मी विचारलं.

“पोरगी शेवटाला घरी येतीच की ह्यात,” ते म्हणाले. “दुसऱ्या कशात येती?”

रणजीत जपानला कारखान्यात लागला, तिथेच लग्न केलं. आईच्या शेवटाला पोचू शकला नाही. हौसेराव रागात म्हणाले, आता येऊच नको. तेव्हापासून रविवारच्या फोनवर चार वर्षांची नात नंदिनी तेवढी दिसायची, तो कॅमेऱ्यामागे. तिला मराठी येत नाही, आजोबांना जपानी. दोन मिनिटांत ती पळायची. पण ती हेच कार्टून बघते, एवढं त्यांना कळलं होतं. म्हणून त्या आईची हाक वहीत मराठी अक्षरांत उतरवून पाठांतर चाललं होतं. घरी ये, जेवण तयार आहे.

“नातीसाठी ना?”

“व्हय. नातीसाठीच.” बघत होते मात्र रणजीतच्या फोटोकडे.

मी रोज जाऊ लागले, पाठ म्हणवून घ्यायला. वाटी होतीच. आमच्याकडे दोन्ही वेळा कढी. “विरजण संपलं की सांग,” आमचे हे म्हणाले, “म्हणजे मला जेवता येईल.”

रविवारी फोन लागला. हौसेरावांनी वही उलटी धरली होती, पण हाक बिनचूक मारली. नंदिनी पळाली नाही. डोळे मोठे करून काहीतरी बोलली.

“काय म्हनती?”

मग कॅमेऱ्यामागून रणजीतचा आवाज आला, “ती म्हणते, मी घरीच आहे.”

हौसेराव वहीकडे बघत राहिले. “बरोबर हाय तिचं. तिला नव्हतं म्हटलं.”

पलीकडे कुणीतरी नाक ओढलं. नंदिनी पुन्हा काही बोलली.

“विचारतेय,” रणजीत घोगऱ्या आवाजात म्हणाला, “मागे वाटी घेऊन उभी आहे ती नवी आजी का?”

तो येईल की नाही, ठाऊक नाही. हौसेराव अजून हाक घोकतात. वरून विमान गेलं की थांबतात, आवाज विरला की पुन्हा सुरू करतात. मी समोर बसून चुका काढते. (मला काय कळतंय.)

दुर्गाबाईंचं म्हणणं निम्मं तरी खरं आहे. रोज पाच वाजता हौसेरावांकडे एक बाई येते. जपानी नाही. दुसऱ्या मजल्यावरची आहे, आणि तिच्या फ्रिजमध्ये सात वाट्या दही आहे.