नवव्या टोपलीतला नारळ

सोमेश्वर सरांनी फेकलेली तबकडी साखळ्यांवर खणकन आपटली, बरोबर टोपलीत पडली आणि सरांना दरदरून घाम फुटला.

दुसरा कोणी असता तर नाचला असता. पण डिस्क गोल्फ या खेळात एक अडचण आहे. लोखंडी खांब, त्याच्या डोक्यावरून लोंबणाऱ्या साखळ्या आणि साखळ्यांखाली जाळीची टोपली. लांबून तबकडी फेकायची आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची, एवढाच खेळ. मात्र टोपलीत पडलेली तबकडी हात घालून बाहेर काढावी लागते. आणि त्या टोपलीत आधीपासून कोणीतरी बसलेलं होतं. काळ्या चिंधीची वीतभर बाहुली, शेजारी टाचण्या टोचलेलं लिंबू आणि कुंकू घातलेला दहीभात. तबकडी नेमकी बाहुलीच्या मांडीवर जाऊन पडली होती.

"काढा सर," मयंक लांबूनच म्हणाला. कापडाचे व्यापारी दीपचंद शेठ यांचा हा मुलगा म्हणजे सरांच्या संघातला सगळ्यात तरबेज खेळाडू. "तुमचा तर विश्वास न्हाई ना असल्यावर?"

"बिलकुल न्हाई," सर म्हणाले आणि छत्री आणायला गेले.

छत्रीच्या दांड्यानं त्यांनी तबकडी ओढून काढली, नळाखाली धुतली, परत धुतली, आणि तरीही घरी नेताना पिशवीत न ठेवता मोटारसायकलच्या मागे दोरीनं बांधून नेली.

आता सरांची थोडी हकिकत सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या तबकडीचं. सर भोकरदनच्या एका शाळेत खेळ शिकवायचे. शिकवायचे म्हणजे शिट्टी वाजवायचे. स्वतः त्यांना काही म्हणता काही खेळता येत नव्हतं. कबड्डीत पहिल्याच चढाईला ते धरले जायचे, खो-खोत खांबावर आपटायचे, आणि क्रिकेटमध्ये तर पोरांनी त्यांना लहानपणापासून कायमचं अंपायरच करून टाकलं होतं. चाळिशी आली तरी नावापुढे एक गुण लागलेला नव्हता. मग संभाजीनगरच्या एका शिबिरात कोणीतरी त्यांच्या हातात तबकडी दिली. त्यांनी ती फेकली आणि ती गेली. सरळ गेली, जिथं बघितलं तिथं गेली. त्या दिवशी सर बसच्या खिडकीला डोकं टेकून भोकरदनपर्यंत एकटेच हसत आले. बिचाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी येत होतं.

मग ते उद्यान समितीचे अध्यक्ष काकासाहेब यांच्या मागे लागले. गावाबाहेरचं ते उद्यान म्हणजे नावालाच उद्यान. ना झाड, ना झुडूप, ना बसायला बाक. इतकं सपाट, की एका टोकाला माणूस शिंकला तर दुसऱ्या टोकाच्या माणसाला आधी दिसायचं आणि मग ऐकू यायचं. काकासाहेबांना तिथं काय करावं हे सुचत नव्हतंच. त्यांनी फॅब्रिकेशनवाल्याकडून नऊ खांब करून घेतले आणि हार घालून मोकळे झाले.

महिनाभर खेळ झकास चालला. आणि मग टोपल्यांमध्ये उतारे यायला लागले.

उतारा म्हणजे काय ते आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. माणसाला काही लागलं, बाधलं, दुकान बसलं, म्हैस आटली, की लिंबू-नारळ ओवाळून शनिवारी तिन्हीसांजेला तिकाटण्यावर, तीन रस्ते मिळतात तिथं, नेऊन ठेवायचा. जाताना-येताना कोणाशी बोलायचं नाही आणि मागे वळून तर अजिबात बघायचं नाही. ठेवलेल्याला जो हात लावेल त्याला ती पीडा चिकटते. पण हल्ली तिकाटण्यावर सिमेंटचा रस्ता झाला, गाड्या वाढल्या, आणि ठेवलेला भात कुत्री गल्लीत परत घेऊन यायला लागली. त्यात ह्या टोपल्या दिसल्या. उंच, जाळीदार, कुत्री न पोचणाऱ्या, वर आणि साखळ्या. उताऱ्यासाठी यापेक्षा चांगली सोय सरकारलाही जमली नसती.

परिणाम व्हायचा तोच झाला. पोरं यायची बंद झाली. उरलेले खेळाडू नेम चुकवायला लागले. मयंक तर असा तयार झाला, की तबकडी टोपलीला प्रदक्षिणा घालून परत त्याच्या पायाशी यायची. जितका चांगला खेळाडू तितकी त्याची तबकडी लांब पडायची. शिवाय दिवे लागायच्या वेळी त्या साखळ्या आपल्याआप वाजतात असं लोक म्हणायला लागले. सर म्हणायचे वाऱ्यानं वाजतात. एका संध्याकाळी मात्र वारा अजिबात नव्हता, आणि त्या दिवशी सर काहीच म्हणाले नाहीत.

शेवटी काकासाहेबांनी सरांना बोलावून घेतलं. "सर, रविवारी टेंभुर्णीचा संघ खेळाया येऊन राह्यला. मी सोता बघाया येतो. उद्यानात चार माणसं दिसली तर टोपल्या राहतील. न्हाई दिसली, तर सोमवारी गॅसकटर लावतो. बाया माझ्या नावानं बोटं मोडून राह्यल्यात, काकासाहेबानं गावात भुतं वसवली म्हणून."

सर घरी आले ते जेवलेच नाहीत. टोपल्या गेल्या म्हणजे ते परत शिट्टीपुरते उरणार होते. त्यांनी ठरवलं, शनिवारी जाऊन बसायचं, उतारा ठेवणाऱ्याला रंगेहाथ धरायचं आणि सगळ्यांसमोर त्याच्याच हातानं उचलायला लावायचं.

शनिवार निघाला नेमका अमावास्येचा. त्यात पौषाची थंडी, आणि धुई अशी की स्वतःच्या चपला दिसेनात. लपायला त्या सपाट मैदानात काहीच नव्हतं, म्हणून सर फाटकाजवळच्या नवव्या टोपलीखाली काळी घोंगडी डोक्यावरून ओढून बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग मैदानाच्या पार त्या टोकाला साखळी वाजली. थोड्या वेळानं तिच्या अलीकडची. मग तिच्याही अलीकडची. कोणीतरी एकेका खांबाला हात लावत इकडेच यावं तशी. पावलांचा आवाज मात्र नव्हता. सरांना शाळेत शिकलेले सगळे विज्ञानाचे धडे आठवायचे होते, पण आठवली ती मारुतीची आरती, आणि तीही मधूनच.

तेवढ्यात फाटकातून एक पांढरी आकृती आली. तिनं लिंबू टोपलीत ठेवलं. सरांना थंडीनं ठसका लागला आणि ते घोंगडीतून खोकले. ती आकृती होती दीपचंद शेठची. दुकान चालेना म्हणून उतारा घेऊन आले होते. आता बघा, अशा वेळी माणूस ओरडतो, पण शेठना बोलायची बंदी. वळून बघायचीही बंदी. ते नियम पाळून, मुक्यानं, सरळ पुढे बघत पळाले, ते चपला तिथंच ठेवून.

त्यांच्या मागून दुसरी आकृती आली. डोक्यावरून पदर, हातात नारळ. सरांनी दबक्या आवाजात विचारलं, कोण आहे. उत्तर नाही. परत विचारलं. ती थांबली नाही, दचकली नाही. नारळ टोपलीत ठेवला, साखळ्या सारख्या केल्या आणि पुटपुटली, "सोमेश्वरच्या अंगात जे शिरलंय, ते ह्याच्यात उतरू दे."

स्वतःचं नाव ऐकून सरांच्या अंगावर सरसरून काटा आला. आकृती मागे न बघता धुईत निघून गेली. आणि मग सरांच्या डोक्यात प्रकाश पडला, की हा आवाज रोज सकाळी आपल्याला चहाला उठवतो.

सर घरी पोचले तेव्हा त्यांची आई, सोनूबाई, मोरीवर पाय धूत होत्या. पाय धुऊन होईपर्यंत त्या लेकाशी एक शब्द बोलल्या नाहीत. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "हां. आता इचार."

सरांनी विचारलं, की आई, हे काय चाललंय तुझं.

"माझं? चाळीस वर्साचा बाप्या रोज सांजच्याला रिकाम्या मैदानात ताटली फेकतो. मंग सोताच आणाया जातो. आणली की परत फेकतो. कोणी लावलं का त्याच्या मागं? झोपेत बी हात हालवतो. मीनाला इचार."

सरांनी बायकोकडे पाहिलं. मीना भाकरी थापत राहिली, त्यावरून ते खरं असावं.

"आई, तो खेळ हाय."

"खेळ पोरं खेळत्यात. तीन शनवार झाले, आज उतरलं समज तुझं. आता त्या नारळाला हात लावू नको. लावला तर समदं बराबर तुझ्याच अंगात वापस."

सर हसले, अंथरुणावर पडले आणि त्यांचा डोळा लागेना. हे सगळं खोटं आहे, यात शंकाच नव्हती. पण खरं असलं तर? सामन्याच्या आदल्या दिवशीच आईनं हातातली कला नारळात उतरवून ठेवली असली तर? उपाय तर आईनंच सांगितला होता. विश्वास वगैरे काही नाही, पण सकाळी लवकर जाऊन नारळाला नुसतं बोट लावून यायला काय हरकत आहे, असं ठरल्यावर त्यांना झोप लागली.

सकाळी धुई तशीच. सर उद्यानात शिरले आणि जागीच थबकले. नवव्या टोपलीकडून आवाज येत होता. कच, कच, कच. कोणीतरी काहीतरी चावत होतं.

सर एकेक पाऊल टाकत जवळ गेले. खांबाच्या ओट्यावर एक जाडजूड माणूस बसला होता. टेंभुर्णीचे बियाण्यांचे दुकानदार रामप्रसाद. टेंभुर्णीच्या संघात एक माणूस कमी पडत होता आणि ह्यांच्याकडे जीप होती, एवढ्यावर त्यांची निवड झालेली. तबकडी त्यांनी जन्मात हातात धरली नव्हती.

"या सर," रामप्रसाद म्हणाले. "फाटकाजवळच कुंकू लावलेला नारळ मांडून ठेवल्ता तुम्ही. म्हटलं शुभारंभाचा असंल, पाहुण्याच्या हातानं फोडायचा. तुमची लई वाट बघितली, मंग थंडी वाजाया लागली. फोडला खांबावरच." त्यांनी करवंटी पुढे केली. ती रिकामी होती. "खोबरं गोड निघालं. बाकीच्या टोपल्यांत बी काय काय भरून ठेवल्तं, बाहुल्या अन् लिंबं. म्हटलं खेळाला अडचण नको, समद्या साफ करून टाकल्या."

तिकडे फाटकात माणसं जमायला लागली होती. दीपचंद शेठनी रात्रीतून गावभर केलं होतं, की नवव्या टोपलीखाली काळं काहीतरी बसतं आणि खोकतं. लोक उजेडात ते बघायला आणि शेठच्या चपला बघायला आले होते. तेवढ्यात टेंभुर्णीच्या माणसानं उतारा खाल्ला ही बातमी पसरली आणि अर्धं गाव लोटलं. आता ह्याला काय होतं ते बघायचं होतं सगळ्यांना. काकासाहेब आले, गर्दी बघून त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, की टोपल्या राहणार.

सरांनी जे मागितलं ते मिळालं होतं. सामना सुरू झाला.

पहिली फेक पाहुण्यांची. रामप्रसादांनी तबकडी उलटसुलट करून बघितली आणि गवताची पेंढी टाकावी तशी भिरकावली. ती धुईत गडप झाली. मग आतून, लांबून, साखळ्यांचा आवाज आला. टाळी एकही वाजली नाही. पुढे उभे होते ते लोक मात्र हळूच मागे सरकले.

"लागली का?" रामप्रसाद म्हणाले. त्यांचा स्वतःचा चेहरा उतरला होता. "मी तर तिकडं बघत बी नव्हतो."

मग सरांनी फेकली. ती निघाली सरळ, मधेच काही आठवल्यासारखी डावीकडे वळली, आणि कुंपणापलीकडच्या गोठ्यात जाऊन पडली. तिथून एक म्हैस ओरडली. दुसरी फेक त्याच गोठ्यात. नवव्या टोपलीपर्यंत रामप्रसादांच्या साखळ्या वाजत राहिल्या आणि सरांची म्हैस ओरडत राहिली. गर्दीत सोनूबाई उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि शेजारणीला म्हणाल्या, "गेलं बाई. लेकराचं माझ्या समदं गेलं." त्या आनंदानं रडत होत्या. सरांनाही रडू आलं, पण त्याचं कारण वेगळं होतं.

टोपल्या राहिल्या. सगळ्या धुतलेल्या, रिकाम्या. पोरं आता संध्याकाळी रांग लावून खेळतात. सर म्हणत राहिले की त्या शनिवारी थंडीत बसल्यानं खांदा आखडला. महाशिवरात्र झाली, ऊन तापायला लागलं, खांदा मोकळा झाला, तरी तबकडी काही ऐकेना. तिकडे टेंभुर्णीहून मात्र ऐकू यायचं, की रामप्रसाद दुकान उघडत नाहीत, आणि रात्री झोपेत त्यांचा हात हालतो.

एके दिवशी दुपारी दारात जीप थांबली. रामप्रसादांची बायको बेबीनंदा उतरली आणि सोनूबाईंच्या पुढ्यात बसून रडायलाच लागली. घरातल्या ताटल्या उरल्या नाहीत, म्हणाली. कुकरचं झाकणसुद्धा शेजाऱ्याच्या गच्चीवर सापडलं. "मावशी, तुम्ही सरांचं उतरवलं म्हणत्यात. माझ्या बी मालकाचं उतरवा."

सोनूबाईंना कोण अभिमान वाटला. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि सगळं रीतसर सांगितलं. ओवाळायचं कसं, म्हणायचं काय, तीन शनिवार कसे धरायचे. ठेवायचा कुठं, एवढंच त्या विचार करत होत्या.

सर इतका वेळ खिडकीशी वर्तमानपत्र धरून बसले होते. ते उठले, पाण्याचा तांब्या भरून बेबीनंदासमोर ठेवला आणि खाली बघत म्हणाले, "इथंच ठेवा वहिनी, आमच्या उद्यानात. नववी टोपली. कुत्री पोचत न्हाईत."

सोनूबाईंनी लेकाकडे रोखून पाहिलं. सरांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"आणि तिसऱ्या शनिवारचा नारळ," ते म्हणाले, "जरा पाणीदार बघून घ्या."